अखेरची शुश्रूषा आणि माजी सैनिक



'हॉस्पिस' या शब्दाला मराठीत अद्याप सर्वमान्य प्रतिशब्द नाही. मध्ययुगीन युरोपात यात्रेकरूंना व आजारी वाटसरूंना आसरा देणाऱ्या घरांना हे नाव होते. म्हणजे जवळपास आपली धर्मशाळाच. १९६७ साली डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडले आणि त्याला आजचा अर्थ आला: रोग हटणार नाही हे मान्य करून वेदना हटवायच्या, व रोग्याबरोबर त्याच्या घरच्यांनाही सांभाळायचे. आपल्या देशातील असे पहिले घर म्हणजे मुंबईत वांद्र्याला १९८६ साली सुरू झालेले शांती आवेदना सदन.

मला आज बोलायचे आहे ते अमेरिकेतील माजी सैनिकांविषयी. तेथे हॉस्पिस म्हणजे बहुधा इमारत नव्हे, तर रोग्याच्या घरी येणारी परिचारिका होय. वृद्ध सैनिकाला तिच्यापर्यंत नेणाऱ्या दोन वाटा आहेत. पहिली 'मेडिकेअर' या सरकारी विम्याची. १९८२ च्या कायद्याने तीत हॉस्पिसचा समावेश झाला. रोग आपल्या गतीने गेला तर आयुष्य सहा महिन्यांहून अधिक नाही, असा डॉक्टरांचा दाखला लागतो आणि रोग बरा करण्याचे उपचार सोडावे लागतात. दुसरी वाट माजी सैनिकांच्या सरकारी खात्याची. या खात्याच्या आरोग्यसेवेत नाव नोंदलेल्या सैनिकाला हॉस्पिस विनाशुल्क मिळते, मग ते घरी असो वा खात्याच्या शुश्रूषागृहात. आणि रोगावरचे उपचार सोडण्याची सक्ती तेथे नाही. ज्याला दोन्ही हक्क आहेत त्याच्या दृष्टीने हा भेद मोठा आहे. कर्करोगावरील औषध थांबवणे म्हणजे शरण जाणे, असे मानणारे शिपाई थोडे नसतात.

पण खरी अडचण वाट निवडण्याच्याही आधीची आहे. बहुतेक माजी सैनिकांचा अंत या खात्याच्या रुग्णालयांबाहेर, सर्वसाधारण संस्थांच्या देखरेखीखाली होतो आणि खाटेवरचा म्हातारा एकेकाळी सैन्यात होता याची तेथे कोणाला वार्ताही नसते. म्हणून २०१० साली सुरू झालेल्या 'वुई ऑनर व्हेटरन्स' या उपक्रमाने हॉस्पिस-संस्थांना एक साधी गोष्ट सांगितली: तुम्ही सैन्यात होता का, कोठे होता, लढाई पाहिलीत का, हे प्रत्येकाला विचारा.

विचारल्याने काय होते? फ्लॉरिडातील बे पाइन्स येथे हॉस्पिसमध्ये दीर्घकाळ काम केलेल्या परिचारिका डेबोरा ग्रासमन यांनी २००९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात याविषयी लिहिले आहे. सैन्याने अंगी बाणवलेला ताठपणा मृत्युशय्येवर आड येतो, हे त्यांचे मुख्य निरीक्षण. दुखते का, असे विचारले तर शिपाई 'नाही' म्हणतो. त्याचे ओठ, आवळलेल्या मुठी व श्वास पाहून वेदना ओळखावी लागते. दुर्बळ झालेले मन जुन्या आठवणी दाबून ठेवू शकत नाही, तेव्हा व्हिएतनाम पुन्हा खोलीत येते. अशा माणसाला झोपेत खांद्यावर हात ठेवून उठवू नये. खाटेच्या पायथ्याशी उभे राहून नावाने हाक मारावी. रोगी रात्री तळमळतो त्याचे कारण दरवेळी औषधाची कमतरता हेच असते असे नाही, हेही परिचारिकेला कळलेले बरे.

विचारण्याला एक रोकडी बाजूही आहे. (व्याख्यानात पैशांविषयी बोलणे काहींना रुचत नाही, मला ते टाळणे अप्रामाणिक वाटते.) व्हिएतनाममध्ये झाडोरा नष्ट करण्यासाठी 'एजंट ऑरेंज' फवारले गेले. तेथे सेवा केलेल्याला पुढे फुप्फुसाचा वा पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग झाला, तर तो सेवेमुळेच झाला असे कायदा गृहीत धरतो. अशा रोगाने मृत्यू आल्यास विधवेला मासिक भरपाई मिळू शकते. त्यासाठी अर्ज करावा लागतो, सेवेचे कागद शोधावे लागतात, आणि ते घरात कोठे ठेवले आहेत हे पुष्कळदा फक्त त्या खाटेवरच्या माणसालाच ठाऊक असते. म्हणून हा प्रश्न पहिल्याच भेटीत, तो बोलू शकतो आहे तोवर, आणि शक्य तर पत्नीच्या समक्ष विचारायचा.