ट्रंकेतलं नामंजुरीचं पत्र

मी मूर्तिजापूर तालुक्यातला. १७ वर्षं फौजेत काढून २००७ मध्ये घरी आलो. आता थोडी कपाशी, थोडी तूर, आणि उरलेल्या वेळात अकोला नाहीतर अमरावतीच्या चकरा. माझं स्वतःचं काम नसतं तिथं. पण आमच्या भागातले माजी सैनिक कागदांची थैली घेऊन येतात अन् म्हणतात, "भाऊ, हे काय लिहून आहे, जरा पाहून दे ना." त्या थैलीत बरेचदा एक पत्र निघतं. अपंगत्व पेन्शन नामंजूर केल्याचं. आज त्याच पत्राबद्दल बोलतो.

माझा एक दोस्त आहे, शेजारच्या दर्यापूर तालुक्यातला. नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही. १९९० मध्ये आम्ही दोघं एकाच भरतीत उभे होतो. डॉक्टरांनी दात पाहिले, डोळे पाहिले, छाती मोजली, गुडघे एकमेकांना लागतात का तेही पाहिलं. दोघांच्याही कागदावर शेरा पडला, 'फिट'. सात वर्षांनी ड्युटीवर असताना त्याला पहिला झटका आला. आमच्याकडे त्यालाही फिट येणंच म्हणतात. ज्या शब्दानं भरती झाला, त्याच शब्दानं घरी आला.

१९९७ मध्ये मेडिकल बोर्ड झाला आणि त्याला बाहेर काढलं. अपंगत्व २० टक्के. पण खाली एक ओळ होती : आजार सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही. का नाही, ते कुठं लिहिलेलं नव्हतं. शिपायाच्या साध्या पेन्शनीला १५ वर्षं नोकरी लागते, याची सातच झालेली. म्हणजे महिन्याला मिळणार शून्य. अर्ज केला, तर नामंजुरीचं पत्र आलं. त्यानं ते घडी करून काळ्या ट्रंकेत ठेवून दिलं. गावात लोक विचारत, "काहून रे, पळून आला का फौजेतून?" आजाराचं खरं सांगितलं तर कोणी ट्रॅक्टरवर बसू देईना, विहिरीवर जाऊ देईना. घर त्याच्या आईनं चालवलं, दुसऱ्यांच्या वावरात निंदण करून.

२०१४ मध्ये माझ्या हाती सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आला. धरमवीर सिंह विरुद्ध भारत सरकार, २ जुलै २०१३. हे धरमवीर सिंह १९८५ मध्ये सिग्नल कोअरमध्ये शिपाई म्हणून लागले. १९९४ मध्ये झटक्यांच्याच आजारानं बाहेर पडले. अपंगत्व २० टक्के, आणि तीच ओळ. मी वाचतच राहिलो. हे तर आपल्या दोस्ताचंच प्रकरण!

कोर्टानं काय म्हटलं, ते साध्या भाषेत सांगतो. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर माणूस निरोगी होता असं धरायचं. पुढं झालेला आजार सेवेमुळे नाही, हे दाखवायची जबाबदारी सरकारची, सैनिकाची नाही. शंका उरली तर फायदा सैनिकाला. आणि बोर्डाला 'नाही' म्हणायचं असेल, तर त्याची कारणं लिहावी लागतील.

मी दर्यापूरला गेलो. म्हटलं, "ट्रंक उघड."
तो म्हणे, "आता कायले? सतरा वर्षं झाली."
"तुझ्या भरतीच्या कागदावर फिट लिहून आहे ना? तोच तुझा पुरावा आहे."

डिस्चार्ज बुक सापडलं, पण बोर्डाचा कागद उधईनं खाल्लेला. मग माहितीच्या अधिकारात अर्ज करून रेकॉर्ड ऑफिसातून प्रत मागवली. अपील केलं, तेही नामंजूर झालं. २०१५ मध्ये मुंबईच्या सशस्त्र दल न्यायाधिकरणात दावा लावला. दोनेक वर्षांनी निकाल लागला. सर्व्हिस एलिमेंट मिळालं, डिसॅबिलिटी एलिमेंट मिळालं आणि २० टक्क्यांचे ५० टक्के धरले.

हे ५० कसे झाले, ते समजून घ्या. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के रक्कम मिळते. त्या हिशोबानं २० टक्क्यांना ६ टक्केच येतात. पण नियमानं ५० च्या खालचं अपंगत्व ५० धरलं जातं, ५० ते ७५ असेल तर ७५, आणि त्यावर १००. म्हणून ६ चे १५ झाले. पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्यांनाही हा फायदा आहे, असं सुप्रीम कोर्टानं १० डिसेंबर २०१४ ला राम अवतार प्रकरणात सांगितलं. म्हणून ज्यांना डिसॅबिलिटी एलिमेंट आधीच मिळतं, त्यांनीही पीपीओवर कोणता टक्का आहे, ते एकदा पाहावं.

आता कडू गोष्ट. दोस्ताला थकबाकी मिळाली फक्त दाव्याआधीच्या तीन वर्षांची, म्हणजे २०१२ पासूनची. तरसेम सिंह प्रकरणात २००८ मध्येच कोर्टानं हे सांगून ठेवलं होतं : पेन्शन दर महिन्याचा हक्क आहे, म्हणून उशिरानं दावा मरत नाही, पण मागची रक्कम साधारण तीनच वर्षांची. १९९७ ते २०१२, पंधरा वर्षांचे पैसे गेले. त्याची आई २०११ मध्येच वारली होती. पहिली पेन्शन आली त्या दिवशी तो मला एवढंच म्हणाला, "मायले दाखवाचं होतं."

म्हणून सांगून राहिलो, बसून राहू नका. डिस्चार्ज बुक, बोर्डाची प्रत आणि नामंजुरीचं पत्र, हे तीन कागद आधी जमवा. प्रत नसेल तर तुमच्या रेकॉर्ड ऑफिसला मागा. महार रेजिमेंटवाल्यांचं सागरला आहे, मराठा लाईट इन्फंट्रीचं बेळगावला, गार्ड्सचं कामठीला. पत्र नवं असेल तर सहा महिन्यांत पहिलं अपील करा, मग दुसरं, मग न्यायाधिकरण. मुदत गेली असेल तर उशिराचं कारण लिहून माफी मागता येते. अर्ज लिहायला अकोला आणि अमरावती, दोन्हीकडे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. मंजूर रकमेत टक्का मागणाऱ्या एजंटाला मूळ कागद देऊ नका, झेरॉक्स द्या.

सगळ्यांनाच मिळेल, असं मात्र मी म्हणत नाही. स्वतःच्या बेफिकिरीनं झालेली दुखापत असेल, भरतीच्या वेळीच आजाराची नोंद असेल, तर अवघड आहे. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियमही आलेत. त्यानंतर जे बाहेर पडले, त्यांनी त्या नियमांप्रमाणेच आपलं प्रकरण तपासून घ्यावं.

तुमच्या घरी, शेजारी कोणी फौजेतून लवकर परत आलेला असेल, तर त्याला काहून आला ते विचारू नका. कागद कुठं आहेत, ते विचारा. अन् त्याच्यासंगं बसून ते वाचा. पुढच्या भागात स्पर्श पोर्टल आणि दरवर्षीच्या हयातीच्या दाखल्याबद्दल बोलू. रामराम.