कोर्टाची पायरी आणि लेकीचा वाटा
(लवळे, ता. मुळशी येथे महिला मंडळ व बचत गटांच्या बैठकीत केलेले भाषण)



'शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. ती कोण कुणाला ऐकवतं, याचा कधी विचार केलात? जमीन ज्याच्या ताब्यात असते तो ऐकवतो, आणि जिचा वाटा अडकलेला असतो ती ऐकून घेते.

लवळ्याच्या माळावर विद्यापीठ आलं, रस्ते आले, जमिनीला भाव आला. त्याबरोबर भावांना बहिणींच्या सह्यांची आठवण झाली. आमच्याकडे एक ताई आल्या होत्या. भावानं गाडी पाठवली, साडीचोळी केली आणि 'वारसनोंदीची सही आहे' म्हणून दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेलं. कागद हक्कसोडपत्राचा होता. वकिलांनी पहिला प्रश्न विचारला, "हे तुम्हाला कळलं कधी?" फसवून घेतलेला दस्त रद्द करायचा, तर फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो. ताईंना कळून चार वर्षं झाली होती. माहेर तुटू नये म्हणून त्या थांबल्या होत्या. माहेरही राहिलं नाही आणि मुदतही.

म्हणून आज दोन गोष्टी समजून घेऊ. कायदा बाईपर्यंत कसा पोचतो, आणि कोर्टात नेमकं काय घडतं.

1956 च्या हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित एकत्र जमिनीत मुलगा जन्मानं हिस्सेदार होता, मुलगी नव्हती. महाराष्ट्रानं 22 जून 1994 पासून मुलीला तो हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं. म्हणजे बहुतेक आयाबहिणी बाहेरच राहिल्या. पुढे केंद्राची दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झाली, आणि लग्न झालेली असो वा नसो, मुलगी मुलाच्या बरोबरीची हिस्सेदार झाली.

पण कायद्याचे शब्द छापून आले म्हणजे वाद मिटत नाहीत. 2005 पूर्वी वडील वारले असतील तर? 'प्रकाश विरुद्ध फुलवती' या खटल्यात 2015 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की त्या तारखेला वडील आणि मुलगी दोघंही हयात हवेत. 2018 मध्ये 'दनम्मा विरुद्ध अमर' या खटल्यात वडील 2001 साली वारले होते, तरीही मुलींना वाटा मिळाला. दोन्ही निकाल दोन-दोन न्यायाधीशांचे. आता खालच्या कोर्टानं कुठला पाळायचा? भावाचा वकील पहिला निकाल दाखवायचा, बहिणीचा दुसरा.

शेवटी प्रश्न तीन न्यायाधीशांपुढे गेला. 11 ऑगस्ट 2020 रोजी 'विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा' या खटल्यात निकाल लागला: मुलीचा हक्क जन्मानं आहे, 2005 मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही. मात्र 20 डिसेंबर 2004 पूर्वी नोंदणीकृत दस्तानं किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्यानं झालेली वाटणी मोडत नाही. 'आमची वाटणी तोंडी झाली होती' एवढं म्हणून भागत नाही, त्याला सरकारी कागदांचा भक्कम आधार लागतो.

यालाच पूर्वनिवाडा म्हणतात. राज्यघटनेच्या 141 व्या कलमानुसार सर्वोच्च न्यायालयानं सांगितलेला कायदा देशातल्या सर्व कोर्टांवर बंधनकारक असतो. एक अनोळखी बाई दिल्लीपर्यंत लढली, तिचा निकाल आज लवळ्याच्या बाईच्या हाती आहे. पण त्या खटल्यातली हकिगत आपल्या हकिगतीशी जुळते, हे आपल्यालाच कागदांनी दाखवावं लागतं.

आता कोर्टाच्या पायऱ्या. वाटपाचा दावा त्याच्या किमतीनुसार पौडच्या किंवा पुण्याच्या दिवाणी न्यायालयात लागतो. दाव्याबरोबर तूर्तातूर्त मनाईचा अर्ज द्यावा, नाहीतर निकाल लागेपर्यंत जमीन विकली जाते. दावा चालू असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवायची. महाराष्ट्रात तिला फार महत्त्व आहे. मग भावांना समन्स जातं, ते लेखी कैफियत देतात, कोर्ट वादाचे मुद्दे काढतं. त्यानंतर तुमची सरतपास आणि उलटतपास. उलटतपासात 'लग्नात किती खर्च झाला?' असं विचारतील. रडू नका, रागावू नका. लग्नाचा खर्च म्हणजे जमिनीतला वाटा नव्हे. पुढे युक्तिवाद आणि प्राथमिक हुकूमनामा, त्यात हिस्से ठरतात. शेतजमिनीची प्रत्यक्ष फाळणी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. यात वर्षं जातात, हे मी लपवत नाही.

खर्चाची भीती मात्र थोडी कमी करते. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मालमत्तेच्या वादात बायकांना कोर्ट फीमाफी देणारी राज्य सरकारची 1994 ची अधिसूचनाही आहे. ती आपल्या दाव्याला कशी लागू पडते ते वकिलाला विचारा.

हे सगळं हिंदू कायद्याचं झालं. बौद्ध, जैन, शीख भगिनींनाही तो लागू आहे. मुस्लिम आणि ख्रिश्चन मैत्रिणींचे वारसाचे नियम वेगळे आहेत, त्यांच्यावर पुढच्या बैठकीत बोलू.

घरी गेल्यावर एवढं करा. माहेरचा सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार काढून ठेवा. फेरफाराची नोटीस आली तर मुदतीत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. कागद वाचून घेतल्याशिवाय सही किंवा अंगठा देऊ नका. वाटा सोडायचाच असेल तर जाणून सोडा, तोही तुमचा हक्क आहे. पण आधी एकदा गटात येऊन बोला.

याच मुळशीनं 1921 साली जमिनीसाठी सत्याग्रह केला. जमीन जाते म्हणजे काय जातं, हे इथल्या बायकांना कुणी शिकवायला नको. कोर्टाची पायरी एकटीनं चढणं अवघड असतं. म्हणून आपण चौघी मिळून चढू.