डेबियनचें वचन

संगणकाचा सर्व कारभार चालविणाऱ्या ज्या मूलभूत आज्ञावली आहेत, त्यांपैकीं एकीस लिनक्स म्हणतात. तिच्याभोंवतीं हजारों उपयुक्त आज्ञावलींचा संच जुळवून तो लोकांच्या हातीं देणाऱ्या अनेक मंडळ्या आहेत. इयन मर्डॉक यांनीं १९९३ सालीं सुरू केलेली डेबियन ही त्यांतील एक जुनी व प्रतिष्ठित मंडळी. १९९७ सालीं तिनें एक सामाजिक करार जाहीर केला. डेबियन सर्वस्वी मुक्त राहील, हें त्याचें पहिलें कलम. मुक्त म्हणजे फुकट नव्हे. आज्ञावलीचा मूळ लेख वाचण्याची, तो बदलण्याची व शेजाऱ्यास देण्याची मुभा असणें, हा त्या शब्दाचा अर्थ.

परंतु संगणकांतील सुट्या भागांनाहि स्वतःची एक लहानशी आज्ञावली लागते. तिला फर्मवेअर म्हणतात. पूर्वीं ती बहुधा कारखान्यांतच चिपमध्यें कोरलेली असे, म्हणून तिची कोणास आठवणहि होत नसे. पुढें खर्च वांचावा व मागाहून दुरुस्ती करतां यावी म्हणून पुष्कळ कारखानदार ती दर वेळीं संगणकाकडून भरून घेऊं लागले. मूळ लेख मात्र त्यांनीं कुलुपांतच ठेवला. गुप्तता तीच; केवळ जागा बदलली, आणि तेवढ्यानें ती डेबियनच्या वचनाआड आली.

मग होई असें कीं, एखादा विद्यार्थी नव्या संगणकावर डेबियन बसवावयास घेई आणि वायफायचें कार्ड जागेंच होत नसे. फर्मवेअर इंटरनेटवरून आणावें, तर तेथवर नेणारें कार्डच निजलेलें! पेटीची किल्ली पेटींतच राहावी, तसा हा प्रकार. अंधांची अडचण याहून मोठी. पडद्यावरील मजकूर बोलून दाखविण्याची सोय डेबियननें केली होती. पण कांहीं नव्या संगणकांत फर्मवेअरवांचून आवाजच उमटत नाहीं. ज्याला दिसत नाहीं त्याच्यापुढें मुकें यंत्र ठेवून स्वातंत्र्याचा बोध करणें कितपत शोभतें?

उपाय नव्हता असें नाहीं. फर्मवेअर घातलेली एक निराळी प्रत मंडळीचींच माणसें तयार करीत. मात्र तिला अनधिकृत म्हणत व कोपऱ्यांत ठेवीत. माहीतगार ती शोधून काढी, नवखा परत फिरे. स्वयंपाकघरांत सोंवळें आणि मागल्या दारानें बाजारचा फराळ, अशांतलाच हा व्यवहार.

अखेर २०२२ सालीं मतदान झालें. कराराचा शब्द बदलावयास तिपटीचें मताधिक्य लागतें, तें मिळालें. पहिलें कलम तसेंच ठेवून, गरजू यंत्रांसाठीं असें फर्मवेअर अधिकृत प्रतींत घालण्याची मुभा पांचव्या कलमांत आली. १० जून २०२३ रोजीं निघालेल्या बाराव्या आवृत्तींत ती अंमलांत आली. हें फर्मवेअर वेगळ्या खणांत असतें, आणि ज्याला तें नको त्याला आरंभींच नकार देतां येतो. वचन गुपचूप वांकविण्यापेक्षां उघडपणें बदललें, हें मंडळीस भूषणावहच.

रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८५ सालीं स्थापिलेली फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन डेबियनची शिफारस करीत नाहीं. ट्रिस्केलसारख्या, असें फर्मवेअर मुळींच न देणाऱ्या संचांची करते. तो केवळ हट्ट म्हणतां येत नाहीं. सर्वांचें काम बिनबोभाट चालूं लागल्यावर कुलूप उघडा म्हणून कारखानदाराच्या दारीं कोण जाणार? ही शंका मतदानानें मिटलेली नाहीं. मात्र ट्रिस्केल वापरणारास कार्ड पारखून घ्यावें लागतें, आणि त्याच्याहि संगणकाच्या कांहीं भागांत कारखान्यांत कोरलेली गुप्त आज्ञावली असतेच. ती कोणी वरून भरीत नाहीं, इतकेंच.