हाताची दुखापत : दवाखाना केव्हा गाठावा?

(शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या आरोग्य शिबिरात एका अस्थिशल्यचिकित्सकाने केलेले भाषण)



मूल झाडावरून हातावर पडते, माणसे जमतात आणि त्यांतील कोणी जाणता म्हणतो, “बोटे हलताहेत, म्हणजे हाड मोडलेले नाही.” हे मी इतक्या वेळा ऐकले आहे की, आरंभ त्यानेच करतो. ही समजूत चुकीची आहे. स्नायू व मज्जातंतू शाबूत असतील, तर हाड मोडूनही बोटे हलतात.

मुका मार असेल, तर हात सर्व बाजूंनी फिरतो आणि दुखणे एक-दोन दिवसांत ओसरू लागते. हाताचा आकार बदलला असेल, एकाच जागी बोट टेकताच मूल कळवळत असेल, किंवा कोपर सरळ होत नसेल, तर मात्र क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. मोडलेल्या जागी जखम असेल, तर विलंब नकोच.

लहान मुलांत कोपराच्या किंचित वर दंडाचे हाड मोडण्याचे प्रमाण बरेच असते. या जागेच्या अगदी पुढून हाताला रक्त पुरविणारी मुख्य धमनी जाते. सूज चढत असताना त्यावर कामट्या लावून पट्टी आवळली, की आतील दाब वाढून स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो. साधारण सहा तासांत स्नायू कायमचे निकामी होऊ लागतात. जर्मन शल्यचिकित्सक फोल्कमान यांनी आवळलेल्या पट्ट्यांमुळे आखडलेल्या अशा हातांचे वर्णन 1881 मध्येच केले होते. तसे हात मी आजही पाहतो. सात वर्षांची एक मुलगी पट्टी बांधल्यावर रात्रभर रडत होती. हाड मोडल्यावर दुखणारच, असे म्हणून घरच्यांनी तिला थोपटून निजविले. तिसऱ्या दिवशी ती आमच्याकडे आली, तेव्हा बोटे आकड्यासारखी वळली होती.

गावातील हाड बसविणाऱ्यांविषयी माझ्या मनात अनादर नाही. पण पट्टी कोणीही बांधलेली असो, आमचे प्लास्टरही त्याला अपवाद नाही, त्यानंतर वेदना वाढत गेली, बोटे हळूच सरळ करताना मूल किंचाळले, किंवा ती बधिर, थंड वा फिकट झाली, तर पट्टी तत्काळ सैल करावी आणि रुग्णालय गाठावे. मनगटाची नाडी लागते, एवढ्यावर निश्चिंत राहू नये.

शिक्षकांनी मुलाला तीन गोष्टी करावयास सांगाव्यात : अंगठा वर करणे, बोटे फाकणे, अंगठा व तर्जनी यांचे कडे करणे. यांपैकी एक जरी जमली नाही, तरी मज्जातंतूला इजा झाल्याचा संशय घ्यावा.

बांगड्या, दोरे सूज येण्यापूर्वी काढावेत. हात ओढून सरळ करू नये. आहे त्याच स्थितीत घडी केलेल्या वर्तमानपत्राचा आधार देऊन झोळीत ठेवावा. भूल द्यावी लागण्याचा संभव असल्याने मुलास काही खावयास देऊ नये. वाहन नसल्यास 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. आणि मूल किती वाजता पडले, पट्टी किती वाजता बांधली, हे चिठ्ठीवर लिहून सोबत द्यावे. आम्ही पहिला प्रश्न तोच विचारतो.