गल्लीतले औषध दुकान टिकायचे तर

(मंडळाच्या मेळाव्यातील भाषण)



मी डॉक्टर नाही की फार्मासिस्ट नाही. बी.कॉम. झालेला बँकेतला कारकून आहे. पण औषध दुकानदारांची सीसी खाती आणि दरमहा येणारी स्टॉकची पत्रके बरीच वर्षे हाताखालून जात आहेत. शिवाय आपल्या जुन्या मराठी घरांपैकी अनेकांचा एखादा भाऊ, जावई किंवा भाचा बेळगाव, खानापूर, निपाणीत मेडिकल चालवतो. म्हणून हा विषय घेतला.

आधी हिशेब. सरकारने ज्या औषधांचे भाव बांधले आहेत, त्यांवर 2013 च्या भाव नियंत्रण आदेशाप्रमाणे किरकोळ दुकानदाराला 16 टक्के मिळतात, तेही खरेदीवर. म्हणजे कर बाजूला ठेवला तर विक्रीच्या रुपयात चौदा पैसे. बाकीच्या औषधांवर प्रथेप्रमाणे 20 टक्के. सरासरी 17 धरू. महिन्याला 3 लाखांची विक्री असेल तर हाती 51 हजार. त्यातून भाडे 8, फार्मासिस्टचा पगार 16, मदतनीस पोराला 9, फ्रीजसकट लाईट आणि किरकोळ 3, आणि 5 लाखांच्या सीसीवर व्याज साडेचार हजार. उरले साडेदहा हजार. हे आकडे मी समजण्यासाठी धरलेत, पण खरे चित्र फार वेगळे नसते. उधारीची वही आणि एक्स्पायरीचा माल मी यात धरलेलाच नाही. मुदत संपत आलेला माल बँक तारणात मोजत नाही, त्यामुळे लिमिट असूनही पैसे उचलता येत नाहीत, हे दुकानदारांना फार उशिरा कळते.

आता मोबाईलवर 15-20 टक्के सूट देणारी कंपनी समोर उभी आहे. तिच्या नादाने आपल्या दुकानदाराने सरसकट 10 टक्के सूट दिली, तर 30 हजार गेले आणि दुकान तोट्यात. ऑनलाईन विक्रीविरुद्ध देशभरच्या केमिस्टांनी 2015, 2017 आणि 2018 मध्ये बंद पाळले. 2018 च्या ऑगस्टमध्ये केंद्राने नियमांचा मसुदा काढला, डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने विनापरवाना ऑनलाईन विक्री थांबवण्याचा आदेश दिला. तरी घरपोच डबे येतातच. दुसरीकडे जनऔषधी केंद्रे 2025 च्या सुरुवातीला देशात 15 हजारांवर गेली. गरिबाला स्वस्त गोळी मिळते, त्याबद्दल तक्रार करणारा मी कोण? पण भावाच्या लढाईत गल्लीतले दुकान जिंकणार नाही, हे आकडेच सांगतात.

मग त्याच्याकडे आहे काय? गिऱ्हाइकाशी त्याच्या भाषेत बोलणारा माणूस. निपाणीतल्या विडी वळणाऱ्या बाईचा विचार करा. दवाखान्याची पाटी कन्नड, स्ट्रिपवरची अक्षरे इंग्रजी, डॉक्टरांची चिठ्ठी देवालाच वाचता येईल अशी. 2023 च्या ऑगस्टपासून 300 मोठ्या ब्रँडवर क्यूआर कोड छापणे सक्तीचे झाले; त्या बाईला त्याचा काय उपयोग? ही गोळी जेवणाआधी, ही अर्धी, ही खोकला थांबला तरी पाच दिवस पुरी करायची, हे तिला मराठीत सांगणारा शेवटचा माणूस काउंटरमागे असतो. 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीने तर असे समजावून सांगणे फार्मासिस्टचे कर्तव्यच ठरवले आहे.

पण तो माणूस दुकानात असतो का? इथे मला जरा कडू बोलावे लागेल. अनेक दुकानांत भिंतीवर सर्टिफिकेट एकाचे आणि गल्ल्यावर माणूस दुसराच. सर्टिफिकेट भाड्याने घेतलेले. 1948 च्या फार्मसी कायद्याच्या 42 व्या कलमाने चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे आहे. शेजारी महाराष्ट्रात महेश झगडे अन्न व औषध आयुक्त असताना याच मुद्द्यावर कडक तपासणी झाली, तेव्हा केवढी ओरड झाली ते आपण वाचले आहे. भाड्याचा फार्मासिस्ट स्वस्त पडतो खरा, पण मग आपले दुकान आणि तो घरपोच डबा यांत फरक काय राहिला? 2014 पासून एच-1 यादीतली अँटिबायोटिके आणि क्षयाची औषधे देताना डॉक्टर व रुग्णाचे नाव वहीत लिहून ती तीन वर्षे जपायची असते. ती वही कोण लिहितो?

माझे म्हणणे सरळ आहे. दुकान आपले असेल तर घरातल्या एकाने, मुलाने किंवा मुलीने, डी.फार्म. करावे. मघाच्या हिशेबात 16 हजार पगार घरात राहिला की साडेदहाचे साडेसव्वीस होतात. बारावी सायन्सनंतर दोन वर्षे आणि 500 तासांचे प्रशिक्षण. बेळगावात केएलईचे आणि मराठा मंडळाचे फार्मसी कॉलेज आहे. कोणी कोल्हापूरकडे शिकले तर एक लक्षात ठेवा. नोंदणी राज्यवार असते. इथे दुकानात उभे राहायचे तर नाव कर्नाटकच्या परिषदेत हवे. सीमेची ही कटकट आपल्या वाट्याला आहेच, ती अर्ज करूनच सुटते.

सीमेची दुसरी अडचण चिठ्ठीची. आपला पेशंट कोल्हापूरला दाखवतो, तिथल्या डॉक्टरांनी लिहिलेला ब्रँड निपाणीत मिळेलच असे नाही, आणि एच यादीतले औषध दुकानदाराला आपल्या मनाने बदलून देता येत नाही. शिकलेला फार्मासिस्ट अशा वेळी डॉक्टरांना फोन लावून विचारतो. साखरेच्या, रक्तदाबाच्या कायमच्या पेशंटांची यादी ठेवली, गोळ्या संपण्याआधी व्हॉट्सॲपवर मराठीत आठवण दिली, इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवून घरी पोचवले, तर तो पेशंट 20 टक्क्यांसाठी सहजी हलत नाही. हे सगळे दुकानदारांना ठाऊक आहे. वेळ मिळत नाही म्हणतात.

भांडवलाचे विचाराल तर मुद्रा योजनेत 10 लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळते. लायसन्स, भाडेकरार, फार्मासिस्टचे नोंदणीपत्र, कोटेशन आणि जीएसटीचे कागद लागतात. अर्ज अडतो तो बहुतेक वेळा नोंदणीपत्रावर. कागदांची यादी मी मराठीत लिहून आणली आहे, चहाच्या टेबलावर ठेवली आहे. ज्यांची मुले यंदा बारावीला आहेत त्यांनी जाताना एकेक घेऊन जावी.