हांकेला ओ

रोगी वैद्यांच्या पायरीवर पाऊल ठेवतो न ठेवतो तोंच ताप उतरतो, आणि घरीं परतल्यावर पुन्हां चढतो, असा अनुभव पुष्कळ कुटुंबांत येतो. यंत्रांचेंही असेंच आहे. जें यंत्र साफ बंद पडतें त्याचा बिघाड शोधणें त्या मानानें सोपें. परंतु जें घटकेंत चालतें आणि घटकेंत अडतें, तें जाणत्या माणसालाही जेरीस आणतें. इंटरनेटच्या जोडणींतील येणारा-जाणारा दोष हें याचें आजचें ठळक उदाहरण होय.

ज्या संगणकाकडून दुसरे संगणक माहिती मागतात त्याला सर्व्हर म्हणतात. अशा असंख्य सर्व्हरांवर लिनक्स ही प्रणाली चालते. फिनलंडमधील लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं तिचा गाभा प्रथम प्रसिद्ध केला. सर्व्हर अहोरात्र जागा असतो. त्याच्याशीं असलेला संबंध तुटला म्हणजे कोठें रुग्णाच्या तपासणीचा अहवाल अडकतो, तर कोठें विद्यार्थ्याचा अर्ज मुदतीच्या शेवटच्या घटकेस अर्धवट राहतो. अशा वेळीं तो सांभाळणारा मनुष्य गोंधळतो. तो तार बदलतो, मांडणी बदलतो, यंत्र बंद करून पुन्हां सुरू करतो, आणि हें सारें एकदमच करतो. जोडणी पूर्ववत् चालूं लागते; पण कोणत्या उपायानें चालली तें कळत नाहीं, आणि चार दिवसांनीं दोष पुन्हां दारांत उभा!

संदेश जाळ्यांतून जातो तो अखंड जात नाहीं. त्याचे लहान लहान तुकडे होतात, आणि प्रत्येक तुकडा राउटर नांवाच्या नाक्यांवरून पुढें सरकतो. एखादा हरवलाच तर तो पुन्हां धाडण्याची व्यवस्था बहुतेक कामांत असते. त्यामुळें थोडे तुकडे गळाले तरी काम बंद न पडतां केवळ मंदावतें, आणि मूळ दोष झांकला जातो. तो उघडा पाडण्यासाठीं एकच लहानसा प्रश्न पुनःपुन्हां विचारावा लागतो: “आहेस काय?”

हा प्रश्न विचारणारें साधन अमेरिकेंत जन्मलें. हांकेचा तुकडा धाडावा, तो परत येण्यास किती वेळ लागतो तें मोजावें, अशा रीतीनें केलेलें आपलें काम डेव्हिड मिल्स यांनीं १९८३ च्या जुलैंत नॉर्वे येथें सांगितलें होतें. त्याच वर्षीं डिसेंबरांत मेरिलंडमधील एका लष्करी प्रयोगशाळेंत माइक मूस यांना तेथील जाळें विचित्र वागतांना आढळलें. मिल्स यांचे बोल त्यांना आठवले, आणि पहाट होण्यापूर्वींच त्यांनीं एक आज्ञावली लिहून चालती केली. समुद्रांत पाणबुड्या हुडकणाऱ्या सोनार यंत्राच्या ध्वनीवरून तिचें नांव ‘पिंग’ ठेवलें. मौज अशी कीं, मूस यांची पहिली हांक सुटण्यापूर्वींच एका सहकाऱ्यानें बिघडलेला भाग शोधून दुरुस्तही केला होता.

पुढें एका परिषदेंत मूस यांच्या कानीं आलेली हकीकत अधिक बोधप्रद आहे. एका व्यवस्थापकाच्या इमारतींतील जाळें मधून मधून तुटे. त्यानें पिंगला कृत्रिम वाणीची जोड दिली आणि ती ध्वनिवर्धकाकडे नेली. उत्तर येत असे तोंवर संगणक दर सेकंदास ‘पिंग, पिंग’ असें ओरडे. आवाज शक्य तितका मोठा करून हा गृहस्थ इमारतभर हिंडला, आणि तारेचा एकेक सांधा हलवूं लागला. ज्या सांध्याशीं आवाज थांबला, तोच सैल सांधा!

ज्याच्यापाशीं असा बोलका संगणक नाहीं त्यानेंही क्रम सोडूं नये. जवळून दूर जावें. प्रथम १२७.०.०.१ या पत्त्यावर सर्व्हरनें स्वतःलाच हांक मारावी. ही हांक तारेवर जातच नाहीं. तिला ओ मिळाली तर आंतील व्यवस्था शाबूत आहे इतकेंच कळतें. नंतर आपल्याच राउटरला, मग दूरच्या संगणकाला त्याच्या अंकांच्या पत्त्यानें, आणि शेवटीं त्यालाच नांवानें हांक मारावी. अंकांस ओ मिळते व नांवास मिळत नाहीं, तर वाट ठीक असून नांवाचा पत्ता सांगणारी यंत्रणा अडली आहे, असें समजावें. दोष येणारा-जाणारा असल्यामुळें प्रत्येक टप्प्यावर दोन-चार हांका पुरत नाहींत. शेंकडों माराव्या लागतात. मात्र कांहीं राउटर जाणून बुजून मौन पाळतात. त्यांच्या पलीकडील संगणक नीट ओ देत असेल, तर तें मौन दोष नव्हे.

कधीं कधीं तारेच्या दोन टोकांचाच आपसांत मेळ नसतो. एक टोक समजतें कीं दोघांनीं एकाच वेळीं बोलावें. दुसरें समजतें कीं आळीपाळीनें. लहान हांका सुखरूप जातात. रहदारी वाढली म्हणजे टकरी होऊं लागतात. म्हणून गर्दीच्या वेळींही परीक्षा पहावी. लिनक्स प्रणाली जाळ्याच्या प्रत्येक जोडणीवर खराब आलेल्या तुकड्यांची मोजदाद ठेवते. हा आंकडा एकसारखा वाढत असेल तर या टोकांकडे, तारेकडे व तिच्या खुंट्यांकडे प्रथम पहावें. यंत्र बंद करून सुरू केलें कीं ही मोजदाद पुसली जाते. म्हणजे घाईनें केलेल्या उपायांत पुरावाच नाहींसा होतो.

म्हणून सर्व्हरापाशीं एक वही असावी. दोष केव्हां आला, किती हांकांना ओ मिळाली नाहीं, आणि कोणता बदल केला, हें तींत लिहावें. बदल एका वेळीं एकच करावा. ताप उतरला एवढ्यावर चांगला वैद्य समाधान मानीत नाहीं. तो केव्हां केव्हां चढला होता, हें तो घरच्यांस आधीं विचारतो.