मेणबत्ती, पदर आणि ‘निष्काळजीपणा’

(वस्तीतल्या महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



वीज गेली की घराघरातून एकच हाक येते, “अगं, मेणबत्ती लाव!” अंधारात काडेपेटी चाचपडणारी बाईच. आणि भाजली की “पदर सांभाळता येत नाही?” हे ऐकून घेणारीही तीच. उजेड सगळ्यांचा, जबाबदारी मात्र एकटीची.

आपण मेणाचे चार थेंब पाडून डब्याच्या झाकणावर, नाहीतर टीव्हीवर मेणबत्ती चिकटवतो. झाकण प्लॅस्टिकचं असलं तर शेवटी तेही पेटतं. त्यापेक्षा स्टीलच्या खोलगट भांड्यात वाळू घालून तिच्यात खोचा. पडदा, मच्छरदाणी, रॉकेलचा डबा यांच्यापासून दूर ठेवा, आणि जिथे वाकताना पदर पुढे येतो अशा ओट्यावर तर नकोच. झोपण्याआधी विझवा. गॅसचा वास येत असेल तर काडी ओढायची नाही, विजेचं बटणही दाबायचं नाही. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा. खरं तर बॅटरी सर्वांत बरी. ती घ्यायला पैसे नाहीत म्हणणाऱ्या घरातही उजेड देणारा मोबाइल असतो, फक्त तो बहुधा त्याच्या खिशात असतो!

सुती साडी भराभर पेटते. नायलॉन, पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. साडी पेटली तर धावू नका, वाऱ्याने आग वाढते. जमिनीवर लोळा, दुसरीने गोधडी टाकून आग दाबावी. मग वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नका. चिकटलेलं कापड ओढू नका. बांगड्या, जोडवी मात्र लगेच काढा, सूज आल्यावर ती कापावी लागतात. आणि १०८ ला फोन करा.

आता अवघड गोष्ट. “मेणबत्ती पडली”, “स्टोव्ह भडकला” हे शब्द आपण किती खाटांशेजारी ऐकलेत! काही वेळा ते खरंच असतं. पण सासरची माणसं उशाशी उभी असताना बाई दुसरं काय सांगणार? तिच्याशी एकटीशी बोला. तिचा जबाब नातेवाइकांना बाहेर ठेवून नोंदवावा, असा आग्रह डॉक्टरांकडे आणि पोलिसांकडे धरा. लग्नानंतर सात वर्षांच्या आत संशयास्पद मृत्यू झाला तर दंडाधिकाऱ्यांकडून चौकशी करण्याची तरतूद १९८३ साली कायद्यात आली. २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. पोलीस ठाण्यात ‘अपघात’ लिहून घेण्याची घाई दिसली, तर ही तरतूद त्यांच्यापुढे ठेवा आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठू नका.